जमिनीपासून चार बोटे

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. तो नाशिकला असतो, मी बेंगळुरूला. "मामा, चाकं वाढवली आणि हॉवर कापले," तो म्हणाला. त्याच्या वडिलांचे दोन टेम्पो आहेत, त्यामुळे टेम्पोचेच काही बिनसले असे समजून मी 'कुणाला लागलं का?' असे विचारून बसलो. तो हसला नाही. तो खेळत असलेल्या एका व्हिडिओ गेमचे नवे नियम त्या दिवशी लागू झाले होते आणि पाच महिने जमवाजमव करून त्याने मिळवलेली यंत्रे एका संध्याकाळीत सुमार ठरली होती. रागाच्या भरात त्याने बरेच काही सांगितले, त्यातले निम्मे मला कळले नाही. शेवटचा प्रश्न मात्र सरळ होता. "त्यांनी केलं ते बरोबर आहे का? तू स्टॅटिस्टिक्स शिकवायचास ना, मग सांग."

उद्या सांगतो, असे म्हणून मी फोन ठेवला. त्या उद्याला तीन आठवडे लागले.

ज्यांचा या खेळांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गाड्यांच्या लढाईचे गेम पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या एका जातीत गाडी तयार मिळत नाही. ती खेळाडूने स्वतः जोडायची असते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या फ्रीजॅम या छोट्या कंपनीचा 'रोबोक्राफ्ट' असा होता. येकातेरिनबर्गच्या टार्जेम गेम्सने बनवलेला आणि 2017 साली सर्वांना खुला झालेला 'क्रॉसआउट' असाच आहे. जगाचा विनाश होऊन गेलेला, माळरान उरलेले, आणि त्यावर भंगारातून जोडलेल्या गाड्या एकमेकींवर तुटून पडताहेत, असा तो देखावा. केबिन निवडायची, तिच्यावर बंदुका बसवायच्या, पत्रे ठोकायचे, आणि खाली गाडीला हलवणारे भाग लावायचे. हे भाग नाना तऱ्हेचे. साधी चाके, रणगाड्याचे पट्टे, कोळ्यासारखे यांत्रिक पाय, जमीन कापत जाणारे आडवे स्क्रू, आणि जमिनीला न टेकता गाडी तरंगत ठेवणारे हॉवर.

प्रत्येक भागामागे काही आकडे असतात. तो किती मार सोसेल, त्याचे वजन किती, तो किती भार पेलेल, इंजिनाची किती ताकद खाईल, त्याच्यावर गाडी जास्तीत जास्त किती वेगाने पळेल. चाकातसुद्धा दोन प्रकार : एक नुसते फिरणारे, दुसरे फिरणारे आणि वळणारेही. याशिवाय प्रत्येक भागाला ताकदीचे गुण असतात. गाडीच्या सगळ्या भागांच्या गुणांची बेरीज करून तुमच्यासमोर साधारण तितक्याच बेरजेच्या गाड्या आणून उभ्या केल्या जातात. भाग मिळवायला कच्चा माल गोळा करावा लागतो, किंवा गेममधल्या बाजारात ते गेममधल्या नाण्यांनी विकत घ्यावे लागतात. हा बाजार खरा बाजार असतो. मागणी वाढली की भाव चढतो.

भाचा खेळतो तो गेम याच जातीचा आहे. त्याचे नाव मी देत नाही. ह्या तक्रारीला नावाची गरज नाही.

प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी चाक म्हणजे काय ते कळायला हवे, म्हणून वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी त्या गेममध्ये खाते उघडले. नवख्याला मिळतात तशी चार चाके मलाही मिळाली. पहिल्या दिवशी मी एका दगडाला अडकलो आणि शत्रूने सावकाश येऊन मला मारले. दुसऱ्या दिवशी उतारावर उलटलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की चाकाच्या गाडीला बाजू असते. ती पुढे जाते, मागे जाते, पण आडवी जात नाही. शत्रू उजवीकडे असेल तर त्याच्याकडे तोंड करायला जागा लागते, वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आपले कुशीचे पत्रे त्याच्यासमोर उघडे पडतात. पुढचे एक चाक उडाले की गाडी त्या बाजूला ओढ घेते. मग स्टिअरिंग उलट्या बाजूला धरून, लंगडत, आपल्या माणसांच्या आड जायचे. हे जमू लागले तेव्हा मला फार आनंद झाला. त्या आनंदाबद्दल पुढे सांगेन.

हॉवरला बाजू नसते. आपण जिकडे पाहतो तिकडे त्याचे तोंड वळत राहते, आणि तोंड न वळवता ते डावीउजवीकडे सरकते. बंदूक सतत शत्रूवर, आणि गाडी मात्र झोपाळ्यासारखी हलती. दगडाची भीती नाही, खड्ड्याची नाही. मार सोसायला ते कच्चे असते हे खरे, पण ज्याला सरकायचे कसे ते कळते त्याला मार लागतोच कमी.

भाच्याच्या गेममध्ये वर्षभर असे झाले की वरच्या पातळीवरच्या लढायांत निम्म्याहून जास्त गाड्या तरंगू लागल्या. चाकवाले खाली उतरले किंवा सोडून गेले. शेवटी बनवणाऱ्यांनी हॉवरची सोसण्याची शक्ती कमी केली, सरकण्याचा वेग कमी केला, आणि चाकांना पकड आणि भार पेलण्याची क्षमता वाढवून दिली. याला खेळाडू 'नर्फ' करणे म्हणतात. नर्फ ही मऊ फोमच्या गोळ्या उडवणारी लहान मुलांची बंदूक. कुणाचे हत्यार कापले की आता ते नर्फचे झाले, असा त्यातला टोमणा.

आता ह्यात चूक काय? पहिल्या दिवशी मला वाटले, काहीच नाही. सोळा माणसे एका माळावर खेळत असतील आणि त्यांतल्या आठांना आधीच ठाऊक असेल की आपण हरणार, तर तो खेळ उरत नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली तिचा गाभा असा आहे की खेळणारा माणूस सोपा मार्ग उपलब्ध असताना, केवळ खेळ घडावा म्हणून, अवघड मार्ग आपणहून पत्करतो. चाकावर खेळणाऱ्याने तेच केलेले असते. त्याला दगडाला वळसा घालायचा आहे. कूस झाकायची आहे. पण सोपा मार्ग इतका सोपा झाला की अवघड मार्ग पत्करणारा मूर्खच दिसू लागला, तर त्याने तो किती दिवस पत्करावा? अशा वेळी चाकाची पकड वाढवणे म्हणजे चाकवाल्यावर मेहेरबानी करणे नव्हते. त्याला खेळात राहण्याचे कारण परत देणे होते.

पण निम्म्याहून जास्त गाड्या तरंगतात, म्हणून हॉवर जास्त बलवान, हे अनुमान मला टोचत राहिले. त्याला माझ्या आयुष्यातले एक कारण आहे.

तीस एक वर्षांपूर्वी मी ज्या विद्यापीठात शिकवत होतो तिथे पदवीच्या शेवटच्या वर्षाला दोन पर्यायी विषय होते. एका वर्षी एका विषयाची सरासरी दुसरीपेक्षा बरीच वर गेली. मुले ओरडली, पालक आले, आणि गुणांचे समायोजन करायला तिघांची समिती नेमली गेली. तिच्यात मी होतो. आम्ही दोन्ही विषयांची सरासरी एका पातळीवर आणली. वरच्यांचे थोडे कापले, खालच्यांचे थोडे वाढवले. निकाल लागल्यावर एक मुलगी माझ्या खोलीत आली. तिचा पहिला वर्ग दोन गुणांनी गेला होता. ती भांडली नाही. तिने एवढेच विचारले : "सर, आमचा पेपर सोपा होता हे तुम्हाला कसं कळलं?"

आम्हाला ते कळलेले नव्हते. आम्हाला एवढेच कळले होते की त्या पेपरात गुण जास्त पडले. पेपर सोपा होता म्हणून पडले, की तो विषय घेणारी मुले जास्त तयारीची होती म्हणून, हे तपासायचा मार्ग होता : दोन्ही गटांच्या मुलांनी दिलेला जो सक्तीचा पेपर होता, त्यात त्यांना किती पडले ते पाहायचे. आम्ही ते पाहिले नाही. निकालाची तारीख जवळ आली होती. मी वर्गात नेमके हेच शिकवत होतो, आणि समितीत बसल्यावर विसरलो.

हॉवरचेही असेच आहे. ते महाग असते. जो वर्षभर खेळला त्याच्याकडे ते असते. जो काल आला त्याच्याकडे चार चाके. मग हॉवरची गाडी जास्त वेळा जिंकते, यात हॉवरचा वाटा किती आणि वर्षभराच्या सरावाचा किती? हे वेगळे करायचे असेल तर एकाच माणसाचे चाकावरचे निकाल आणि हॉवरवरचे निकाल शेजारी ठेवायला हवेत. बनवणाऱ्यांकडे तो हिशेब नक्की असणार. प्रत्येक गोळी त्यांच्या यंत्रात नोंदली जाते. पण खेळाडूंसमोर ठेवलेल्या टिपणात एका ओळीचे कारण होते की ह्या भागाची परिणामकारकता इतरांपेक्षा जास्त आढळली. ते खरे असेलही. त्या मुलीला आम्ही जे कारण दिले असते तेही ह्याच एका ओळीत बसले असते.

गाड्यांच्या लढाईचे सगळ्यांत मोठे पुस्तक आपल्याकडे आहे, आणि समतोलाचा हा प्रश्न त्यात सुरुवातीलाच येतो. भीष्मपर्वात युद्धाच्या आधी दोन्ही बाजू करार करतात : रथीने रथीशी लढावे, गजस्वाराने गजस्वाराशी, घोडेस्वाराने घोडेस्वाराशी, पायदळाने पायदळाशी. नि:शस्त्रावर हत्यार चालवू नये, पाठ फिरवलेल्याला मारू नये. ताकदीच्या गुणांची बेरीज करून बरोबरीचा शत्रू समोर आणणाऱ्या गेमचा नियम याहून फारसा वेगळा नाही. महाभारताने हत्तीला कापून घोड्याएवढा केला नाही. हत्ती हत्तीच राहिला. त्याच्यासमोर कोण उभे करायचे एवढेच ठरवले.

हा मार्ग गेममध्येही उपलब्ध असतो, आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. हॉवर बलवान आहे ना, मग त्याचे गुण वाढवा. बेरीज वाढेल आणि हॉवरवाला आपोआप वरच्या पातळीच्या लढाईत जाईल. त्याच्याकडचे काही काढून घेतले नाही. तुझी जागा वरच्यांत आहे एवढेच सांगितले. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, वरती फक्त हॉवरच आहेत. हॉवर विरुद्ध हॉवर. बोअर." म्हणजे करार पाळायचा तर माळाचे तुकडे पडतात, आणि सगळ्यांना एका माळावर आणायचे तर कुणाचे तरी काही कापावे लागते. कुरुक्षेत्रावरही तो करार फार दिवस टिकला नाही हे आपण जाणतोच. अनेक रथींनी मिळून एकट्या अभिमन्यूला घेरले. रथ मोडला, धनुष्य तुटले, तेव्हा त्याने रथाचे चाक उचलले. गाडीला हलवणारा भाग हत्यार म्हणून वापरण्याचे याहून विदारक उदाहरण मला माहीत नाही.

मात्र मला सारखा आठवत राहिला तो युधिष्ठिराचा रथ. त्याच्या सत्यामुळे तो जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. म्हणजे हॉवरच. अश्वत्थाम्याच्या मरणाचे ते अर्धे खोटे बोलल्यावर तो जमिनीला टेकला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्यात शिक्षा दिसे. आता दुसरे काही दिसते. त्या रथाला वर उचलणारी गोष्ट आणि खाली आणणारी गोष्ट एकच होती, आणि ती रथात बसलेल्या माणसाच्या हातात होती. कर्णाच्या रथाचे तसे झाले नाही. फार पूर्वी हातून एका ब्राह्मणाची गाय मारली गेली, तिचा शाप ऐन लढाईत फळाला आला आणि जमिनीने चाक धरले. कर्ण धर्माची आठवण करून देऊन थोडा वेळ मागतो, आणि कृष्ण त्याला विचारतो की तुला धर्म तेव्हा का आठवला नाही. कृष्णाचे बरोबर असेल. तरीही चिखलात खांदा लावून चाक उपसणाऱ्या माणसाबद्दल वाईट वाटल्याशिवाय राहत नाही, आणि व्यासांना ते वाटायला हवे होते असे मला नेहमी वाटते.

भाच्याने तर कुणाची गायही मारली नव्हती. त्याने नियमांप्रमाणे मेहनत केली होती. जॉन रॉल्सने 1971 च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये एक उपयोगी भेद केला आहे. एखाद्या व्यवस्थेने उघडपणे सांगितले की अमुक करा म्हणजे तमुक मिळेल, आणि माणसाने ते केले, तर त्याला रास्त अपेक्षा धरायचा हक्क मिळतो. तो मुळात त्याला पात्र होता की नव्हता हा प्रश्न तिथे येत नाही. व्यवस्थेने शब्द दिला होता एवढे पुरते. हॉवरचे आकडे हा असा शब्द होता का? बनवणारे म्हणतील, आकडे बदलू शकतात हाही शब्द आम्ही पहिल्या दिवशीच दिला होता. खाते उघडताना तुम्ही 'मान्य' असे दाबलेत. मीही दाबले होते. काय मान्य केले ते वाचले नाही. ह्या सबबीला कायद्यात वजन असेल, माझ्या मनात फारसे नाही. तरी इतके कबूल करायला हवे की आकडे कधीच बदलायचे नाहीत असे ठरवले तर पहिल्याच दिवशी झालेली चूक कायमची होते. आणि तिची किंमत रोज नवा येणारा चाकवाला मोजतो, ज्याने कुठलाच शब्द ऐकलेला नसतो.

म्हणून मी हळूहळू ह्या निष्कर्षाला आलो की भाच्याने विचारलेला प्रश्न अपुरा होता. चाक आणि हॉवर यांचा समतोल साधणे बरोबर की चूक, याचे उत्तर 'बरोबर' असेच आहे. पण आकडे हलवले की कुठेतरी तोटा उत्पन्न होतो, आणि तो कुणाच्या तरी पदरात पडतो. कुणाच्या पडला, तो घेताना त्याला काय ठाऊक होते, हे पाहिल्याशिवाय न्यायाची गोष्ट पूर्ण होत नाही.

1978 मध्ये स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या फॉर्म्युला वन शर्यतीत ब्रॅबहॅम संघाने मागे मोठा पंखा लावलेली गाडी उतरवली. पंखा गाडीखालची हवा ओढून घेई आणि गाडी रस्त्याला चिकटून राही. निकी लाउडा ती शर्यत जिंकला. प्रतिस्पर्ध्यांनी गदारोळ केला आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. पण जिंकलेली शर्यत जिंकलेलीच राहिली. नियम पुढे लागला, मागे लागला नाही, आणि पंख्याचा खर्च ज्याने डोके लढवले त्या संघानेच सोसला. असा तोटा मला न्याय्य वाटतो.

आपल्या रस्त्यांवरचे उदाहरण थोडे गुंतागुंतीचे आहे. मार्च 2017 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिलपासून बीएस-थ्री इंजिनांच्या गाड्या विकायला बंदी केली. हाती दोन-तीन दिवस उरले होते आणि गोदामे भरलेली होती. मोठ्या सवलती जाहीर झाल्या, शोरूमसमोर रांगा लागल्या. माझ्या मेव्हण्यानेही त्या गर्दीत एक स्कूटर घेतली. त्याला तिच्यात काय उणे आहे ते ठाऊक होते. पेपरात पहिल्या पानावर छापून आले होते. गाडी स्वस्त का मिळते आहे हे घेणाऱ्याला माहीत होते, म्हणून त्या व्यवहारात मला काही खुपत नाही.

हे सगळे मी भाच्याला फोनवर सांगत होतो. स्कूटर त्याच्याच वडिलांची, अजून घरात आहे, म्हणून तो लक्ष देऊन ऐकत असेल असे मला वाटले. मी मेव्हण्याला स्वस्ताईचे कारण माहीत होते ह्या मुद्द्यावर आलो तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, एक सांगायचं राहिलं."

नियम लागू होण्याच्या नऊ दिवस आधी बदलांचे टिपण इंग्रजीत प्रसिद्ध झाले होते. ज्यांना वाचायची सवय त्यांनी ते लगेच वाचले. भाच्याने वाचले. त्याच्याकडे सहा हॉवर होते. त्यांतले दोन त्याने त्याच तासात बाजारात टाकले, भाव अजून पडायचा होता तेव्हा. ते विकले गेले. उरलेले चारही टाकणार होता, पण तेवढ्यात भाव कोसळला, आणि मग तो ते ठेवून बसला. मला फोन केला तो ह्या चारांसाठी.

"कुणी घेतले?"

"कळत नाही. मार्केटमध्ये नाव दिसत नाही."

"त्याने टिपण वाचलं असेल?"

"वाचलं असतं तर घेतले असते का?"

मी काय बोलणार होतो? त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. विकायला मनाई नव्हती, टिपण उघड होते, पाहणाऱ्याला ते दिसत होते. शेअर बाजारात आतली बातमी वापरून विकणे गुन्हा आहे. ही तर बाहेरची बातमी होती. तरी तो पाच महिन्यांचा तोटा सहा भागांत वाटला गेला आणि त्यातले दोन भाग अशा कुणाकडे गेले ज्याला वाटले असेल, वा, आज स्वस्त मिळाले. तो कदाचित भाच्यासारखाच पाच महिने जमवत आला असेल. किंवा माझ्यासारखा नवखा, दगडाला अडकून कंटाळलेला.

मी त्याला समायोजनाच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. मी पुन्हा समितीकडे गेलो नव्हतो, हेही सांगितले. गेलो असतो तर काय झाले असते ते मला माहीत नाही. निकाल जाहीर झाला होता आणि मी कनिष्ठ होतो. ही कारणे खरी आहेत. पण तिचे आडनाव मला अजून आठवते, यावरून ती मला पुरली नाहीत असे दिसते. भाचा म्हणाला, "तुला निदान नाव तरी माहीत होतं." त्याने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते.

मग आम्ही थोडा वेळ काय करता येईल याचा विचार केला. पैसे परत देता येत नाहीत, कारण कुणाला द्यायचे ते कळत नाही. टिपणाचे मराठी करून ते आपल्या ओळखीच्या खेळाडूंत फिरवावे, असे त्यानेच सुचवले. पुढच्या वेळी निदान त्यांना तरी आधी कळेल. त्याने ते सुरू केले आहे. पहिल्या भाषांतरात 'ग्रिप'ला त्याने 'पकड' लिहिले आणि 'टनेज'पाशी अडून मला फोन केला. 'भारक्षमता' लिही म्हटले तर म्हणाला, "पाठ्यपुस्तकासारखं वाटतं. 'किती उचलतं' लिहू?" त्याचेच बरोबर होते.

आता मी चाकाच्या आनंदाबद्दल सांगायचे म्हटले होते ते. हॉवर गेल्यावर भाच्याने चाकांची गाडी जोडली, सहा चाकांची, पुढची चार वळणारी. पहिल्या आठवड्यात तो माझ्याइतकाच उलटला. माझ्या अंगात थोडा वडीलकीचा तोरा आला, कारण उतारावर गिअर आणि ब्रेक यांचे काय करायचे ते मला त्याच्या आधी कळले होते. चाकावर माणसाला आधी ठरवावे लागते की आपण कुठे जाणार. वाटेत मत बदलता येते, पण त्याची किंमत पडते. हे बंधन मला आवडले. हॉवरच्या गाडीला कुठेही जाता येते म्हणून ती कुठेच जात नाही, शत्रूसमोर नुसती डुलत राहते, असे मी भाच्याला म्हणालो. "मामा, तुला हॉवर मिळाला असता तर तू हे बोलला नसतास," तो म्हणाला. असेल.

गेल्या रविवारी आम्ही एका बाजूने खेळलो. समोरच्या आठांत एक हॉवरची गाडी होती. ती नवखी होती हे लगेच दिसले. पत्रे भलत्या ठिकाणी, सरकायला शिकलेला नाही, एका जागी तरंगत उभा. खाली मोजून दोन हॉवर नवे कोरे, बाकी जुनाट चाके, आणि त्यामुळे सगळी गाडी एका अंगाला कललेली. दोघांच्याही मनात एकच आले असणार. हेडफोनमध्ये तो काही बोलेना. मी विचारले, "सोडायचं का?"

"सोडून कसं चालेल, मामा? खेळायला आलाय तो." त्याने डावीकडून वळसा घातला आणि आधी त्याच्या बंदुका उडवल्या, मग हॉवर. लढाई संपल्यावर मात्र त्याने त्या खेळाडूला निरोप लिहिला : इंग्रजीत, दोन ओळी, पत्रे कुठे लावायचे आणि सगळ्यांत आधी कोणती चाके घ्यायची.

त्याला अजून उत्तर आलेले नाही. तो माणूस दुसऱ्याच भाषेचा असेल.